विद्यार्थी कुठे हसले, आणि कुठे हसले नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात अलीकडेच एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले. महाविद्यालयांतून जुने गाजलेले विनोदी चित्रपट दाखवण्याची जी टूम निघाली आहे ती निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, कारण आजच्या मुलांना मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीपलीकडचा विनोद झेपत नाही, आणि झेपलाच तर ती चटकन दुखावली जातात, असा त्या पत्राचा आशय होता. पत्रलेखकांच्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखून मला माझा मतभेद नोंदवायचा आहे. धुळे शहरातील एका महाविद्यालयात ‘एअरप्लेन!’ हा १९८० सालचा अमेरिकन विडंबनपट इंग्रजीच्या पदवी वर्गाला दाखवला गेला, तेव्हा निवृत्त शिक्षक या नात्याने मी तेथे हजर होतो आणि नंतरच्या चर्चेतही बसलो होतो. जे पाहिले आणि ऐकले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, मुलांना विनोद कळतो, इतकेच नव्हे तर कोणत्या विनोदाला आपण हसणार नाही हेही त्यांना कळते, आणि या दुसऱ्या गोष्टीची दखल घ्यायला आपण शिक्षक मंडळीच तयार नसतो.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लॉस एंजेलिसहून शिकागोला निघालेल्या विमानात रात्रीच्या जेवणाला मांस किंवा मासे असा पर्याय असतो. मासे खाणाऱ्यांना विषबाधा होते, त्यांत वैमानिकही सापडतात, आणि युद्धातील आठवणींनी खचलेला, विमान चालवण्याची धास्ती घेतलेला एक माजी लढाऊ वैमानिक प्रवासी म्हणून बसलेला असतो, त्याच्यावर ते विमान उतरवण्याची पाळी येते. जिम एब्राहम्स, डेव्हिड झकर आणि जेरी झकर या तिघांनी हा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला, परंतु कथा त्यांची नव्हे. १९५७ सालच्या ‘झिरो अवर!’ या अत्यंत गंभीर चित्रपटाची ती कथा आहे आणि तिच्या लेखनात आर्थर हेली यांचा हात होता. या तिघांनी त्या जुन्या चित्रपटाचे हक्कच विकत घेतले आणि प्रसंगांची साखळी, नायकाचे नाव, कित्येक संवाद, फार काय शीर्षकातील उद्गारचिन्हसुद्धा कायम ठेवले. विडंबनकाराने मूळ कृतीचे रीतसर पैसे मोजावेत आणि मग तिची रीतसर टिंगल करावी, हा सचोटीचा प्रकार आपल्याकडे अनुकरणीय ठरावा.

सुरुवातीला वर्ग थंड होता. विमानाचे शेपूट ढगांतून शार्कमाशाच्या पाठीवरील परासारखे वर येते ते ज्यांनी १९७५ सालचा ‘जॉज’ पाहिला होता त्यांनाच कळले, आणि असे विद्यार्थी मोजकेच होते. साक्री, शिंदखेडा, शिरपूर या तालुक्यांतील गावांमधून येणाऱ्या या मुलांपैकी बहुतेकांनी विमान आतून पाहिलेले नव्हते. जळगावला विमानतळ आहे खरा, परंतु आमच्या मुलांची पुण्या-मुंबईची वाट अजून एसटीनेच जाते. त्यामुळे आसन देताना धूम्रपान करणार की नाही असे विचारले जाते, आणि नायकाच्या हाती प्रत्यक्ष धूर निघणारे तिकीट दिले जाते, तेथे त्यांना प्रथम समजावून सांगावे लागले की एके काळी विमानात सिगारेट ओढायची मुभा होती आणि त्यासाठी वेगळ्या रांगा असत. लहान मुलाला वैमानिकांच्या कक्षात नेऊन कळफलक दाखवला जातो यावरही एका विद्यार्थ्याने शंका घेतली. सन २००१ मधील हल्ल्यांनंतर ती दारे पक्की बंद झाली. त्या मुलाच्या जन्माआधीची ही गोष्ट.

मग तो क्षण आला ज्यानंतर वर्ग चित्रपटाच्या ताब्यात गेला. डॉक्टरांचे काम करणारे लेस्ली नील्सन विषबाधेची लक्षणे एकेक करून शांतपणे सांगत असतात आणि शेजारी बसलेल्या कप्तानाच्या अंगी तीच लक्षणे त्याच क्रमाने प्रकट होत जातात, तरी डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. माझ्या पुढच्या बाकावरील मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, “हाऊ डाक्टर हासस काब्र नही?” (हा डॉक्टर हसत का नाही?) प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचे उत्तर हीच या चित्रपटाची किल्ली आहे. नील्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस आणि पीटर ग्रेव्हज हे चौघेही तोवर गंभीर, भारदस्त भूमिकांसाठी ओळखले जात. नील्सन तर १९७२ सालच्या ‘द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’ या जहाजबुडीच्या चित्रपटात खरोखरीचे कप्तान होते. विनोदी नटांना न घेता मुद्दाम अशा नटांना घ्यायचे आणि त्यांना सांगायचे की हा विनोदी चित्रपट आहे असे समजूच नका, हा दिग्दर्शकांचा आग्रह होता. संगीतकार एल्मर बर्नस्टीन यांनीही पार्श्वसंगीत असे दिले की डोळे मिटून ऐकावे तर खरेच विमान कोसळत आहे असे वाटावे. विनोद म्हणजे डोळे फिरवणे आणि पडणे-धडपडणे अशी समज करून घेतलेल्या आपल्या स्नेहसंमेलनांतील एकांकिकांना यातून पुष्कळ शिकता येईल. हवा भरलेला रबरी बाहुला स्वयंचलित वैमानिक म्हणून आसनावर बसतो तेव्हा चित्रपटातील प्रसंगांपैकी सर्वांत मोठा हशा झाला, हे सांगितले पाहिजे, पण त्या बाहुल्याशीसुद्धा बाकीची पात्रे सहकाऱ्यासारखी अदबीने वागतात म्हणून तो हशा टिकला.

आता न हसण्याबद्दल. एक प्रवासी बाई घाबरून किंचाळू लागते. तिला भानावर आणण्यासाठी कोणी तिला गदागदा हलवतो, कोणी थोबाडीत मारतो, आणि मग कॅमेरा मागे सरकतो तेव्हा तिला मारायला प्रवाशांची भली मोठी रांग लागलेली दिसते, त्यांपैकी एकाने हातात मुष्टियुद्धाचे मोजे चढवलेले असतात. हा या चित्रपटातील सर्वांत नावाजलेल्या प्रसंगांपैकी एक. वर्गातील मुलांच्या बाजूने मोठा हशा आला, मुलींच्या बाजूने अर्धवट. चर्चेच्या वेळी साक्री तालुक्यातील एका विद्यार्थिनीने उभे राहून सांगितले की तिला हसू आले नाही, कारण ओरडणाऱ्या बाईला गप्प करायला मारावे लागते ही कल्पना तिच्या ओळखीची आहे आणि तिच्या गावात ती कोणी विनोद म्हणून सांगत नाही. त्यावर दुसऱ्या मुलीने फार नेमके उत्तर दिले. तिचे म्हणणे असे की, विनोद त्या बाईवर नसून रांगेवर आहे. जुन्या चित्रपटांत घाबरलेल्या बाईला नायकाने एक थोबाडीत दिली की ती लगेच शहाणी होते, त्या ठोकळेबाज प्रसंगाची ही टर आहे, आणि आपली पाळी येईपर्यंत शिस्तीत उभे राहिलेले हे सभ्य प्रवासी पाहिले की मूळ प्रसंगातील क्रौर्य आपोआप उघडे पडते. पहिली मुलगी थोडा वेळ थांबली आणि म्हणाली की हे पटते, परंतु रांग दिसण्याआधी जो हशा आला तो कशाला आला होता? वर्गात कोणालाही याचे उत्तर देता आले नाही, मलाही नाही. चाळीस वर्षांहून जुन्या चित्रपटावर मी वाचलेल्या परीक्षणांत हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने विचारलेला मला आठवत नाही, आणि तो विचारणारी मुलगी पत्रलेखकांच्या हिशेबी ‘चटकन दुखावली जाणारी’ ठरते.

कप्तान आपल्या कक्षात आलेल्या लहान मुलाला जे आडवळणाचे प्रश्न विचारतो त्या वेळी मात्र वर्ग एकजात गप्प राहिला. १९८० मध्ये त्या संवादांवर लोक हसले असतील. आज समोर बसलेली पिढी, बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा ‘पोक्सो’ कायदा २०१२ मध्ये आला त्यानंतर शाळेत शिकली आहे आणि चांगल्या-वाईट स्पर्शाचे धडे तिने प्राथमिक शाळेतच ऐकले आहेत. आपणच शिकवलेले मुलांनी लक्षात ठेवले तर त्यांना विनोदबुद्धी नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे.

याच्या अगदी उलट अनुभव दोन कृष्णवर्णीय प्रवाशांच्या प्रसंगात आला. ते दोघे आपल्या वस्तीतील बोलीत इतके घट्ट बोलतात की पडद्यावर त्यांच्या इंग्रजीखाली प्रमाण इंग्रजीतील उपशीर्षके येतात. हवाई सुंदरीला काही कळेना तेव्हा एक वयस्कर, घरंदाज गोरी बाई पुढे होते आणि ती बोली आपल्याला येते असे सांगून त्यांच्याशी अस्खलित बोलू लागते. ही भूमिका करणाऱ्या बार्बरा बिलिंग्जली अमेरिकन दूरदर्शनवर आदर्श, सोज्वळ आई म्हणून घरोघरी परिचित होत्या, त्यामुळे तेथील प्रेक्षकांना बसलेला धक्का आपल्या मुलांना बसण्याचे कारण नव्हते. तरीही मुले खदखदून हसली. मला शंका होती की ती त्या दोघांना हसत असावीत. विचारले तेव्हा एका मुलाने सांगितले की पुण्याला भावाच्या खोलीवर राहायला गेला असताना तो फोनवर घरी अहिराणीत बोलला की बाकीची मुले असेच तोंडाकडे पाहत, आणि तेथे एखादी सदाशिव पेठेतील आजी उठून त्याच्याशी अहिराणीत बोलली असती तर काय बहार आली असती, या कल्पनेला तो हसत होता. त्या प्रसंगातील बोलीचे संवाद नॉर्मन गिब्ज आणि अल व्हाइट या दोन अभिनेत्यांनी स्वतःच घडवले होते, ही माहिती मी पुरवली तेव्हा त्या मुलाला विशेष आनंद झाला. चित्रपट अमेरिकेचा, पण या ठिकाणी तो खानदेशातील मुलांना पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा जवळचा वाटला असेल असे मला वाटते.

एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. चित्रपटात एक-दोन चावट जागा आहेत आणि गोंधळाच्या प्रसंगात क्षणभर एक उघडी बाईही पडद्यावरून जाते. हे ठाऊक असलेले आयोजक प्राध्यापक प्रक्षेपकाजवळच उभे होते आणि तशी जागा आली की भिंगापुढे आपला तळहात धरत होते. पडद्यावर पाच बोटांची प्रचंड सावली पडे आणि त्या सावलीला जो हशा मिळे तो चित्रपटातील कोणत्याही प्रसंगाला मिळाला नाही. त्यांची अडचण मी समजू शकतो, उद्या पालकांचा फोन आला तर उत्तर त्यांनाच द्यायचे आहे. परंतु मग तेवढा भाग आधीच काढून ठेवावा, नाहीतर वर्गाला विश्वासात घेऊन सरळ दाखवावा. पदवीच्या वर्गातील मुले सज्ञान असतात आणि मतदान करतात.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट चित्रपट संपल्यावर घडली. एका तरुण प्राध्यापिकेने ‘झिरो अवर!’मधील काही प्रसंग सोबत आणले होते आणि ते तिने लगेच लावले. वर्गात पुन्हा हशा सुरू झाला. विमान चालवता येईल असा आणि रात्रीच्या जेवणात मासे न खाल्लेला माणूस शोधा, अशा अर्थाचे वाक्य १९५७ मध्ये पूर्ण गांभीर्याने उच्चारलेले आहे, विडंबनात ते जवळजवळ तसेच आले आहे, आणि मुलांना दोन्हीकडे तितकेच हसू आले. जुन्या चित्रपटात कप्तानाच्या भूमिकेत एलरॉय हर्श हे अमेरिकन फुटबॉलचे त्या काळचे प्रसिद्ध खेळाडू होते. विडंबनात सहवैमानिकाच्या जागी बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार का बसले आहेत ते कोडे येथे सुटले. पंख्याच्या विमानाचा घरघराट जेट विमानाला का जोडला आहे तेही उमगले, कारण मूळ चित्रपटातील विमान पंख्यांचे होते. निर्मात्या कंपनीने जेटचाच आग्रह धरला, तेव्हा दिग्दर्शकांनी चित्र जेटचे दाखवून आवाज पंख्यांचा ठेवला. आपले काहीतरी ऐकण्यात चुकते आहे असे समजून गप्प बसलेली मुले आता समजून हसत होती.

परंतु त्याच वेळी एका विद्यार्थ्याने हरकत घेतली. आम्ही आधी नक्कल पाहिली म्हणून आता खऱ्याला हसतो आहोत, हे त्या चित्रपटावर अन्यायाचे नाही का, असे तो म्हणाला. मूळ चित्रपट आधी दाखवला असता तर विषबाधा झालेल्या विमानाची आम्हाला खरोखर काळजी वाटली असती की नाही हे आता कधीच कळणार नाही. मला हा आक्षेप मान्य आहे. विडंबन मूळ कृतीचे काय करते, हा प्रश्न मराठीतही जुना आहे. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेली ‘झेंडूची फुले’ १९२५ मध्ये आली, तिने त्या काळच्या काव्यातील कृत्रिमपणाची रेवडी उडवली, आणि आज परिस्थिती अशी आहे की वाचकांना विडंबने पाठ आहेत आणि ज्यांची ती विडंबने आहेत त्या कविता शोधाव्या लागतात. टीकाकार उरावा आणि टीकेचा विषय नाहीसा व्हावा, हे विडंबनाचे यश मानायचे की त्याचा अपराध, हे वर्गात विचारण्यासारखे आहे.

या बाबतीत आपल्या शेजारचे उदाहरण तर याहून बोलके आहे. धुळ्याहून महामार्गाने गेले की तासाभरात मालेगाव येते. आज ते नाशिक जिल्ह्यात असले तरी एके काळी जुन्या खानदेश जिल्ह्यातच होते. तेथील नासिर शेख यांनी यंत्रमागावर राबणाऱ्या, दुकाने चालवणाऱ्या स्थानिक हौशी मंडळींना घेऊन २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यातील डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर येतात. पुढे या मंडळींवर फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट झाला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. मालेगावच्या प्रेक्षकाला मूळ ‘शोले’ तोंडपाठ होता, म्हणून सायकल दिसताच त्याला घोडा आठवे. आमच्या विद्यार्थ्यांना ‘झिरो अवर!’ ठाऊक नव्हता, तरीही ते हसले, याचे कारण मी असे समजतो की कोसळणारे विमान, खचलेला नायक, शेवटच्या क्षणी होणारी दिलजमाई हा सारा मालमसाला त्यांनी अन्य चित्रपटांत आणि मालिकांत शंभरदा पाहिलेला आहे. ठरावीक साचा ओळखता आला तर मूळ चित्रपटाचे नाव माहीत नसले तरी पहिले हसू येते. दुसरे, समजून येणारे हसू मात्र मूळ पाहिल्याशिवाय येत नाही, हे त्या दुपारी दिसले. आपल्या तमाशातील गवळणीत मावशी आणि पेंद्या कृष्णकथेची जी थट्टा करतात तिला गावातील भाविक म्हातारीही हसते, कारण कथा तिला अवगत असते.

आणि इतके सगळे घडल्यावर महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या प्रतिक्रिया म्हणून काय गोळा केले, तर एक छापील तक्ता. उपक्रम उपयुक्त वाटला का, ध्वनिव्यवस्था कशी होती, असे कार्यक्रम कोणताही असला तरी चालतील असे प्रश्न, आणि त्यांपुढे उत्तम, चांगला, समाधानकारक असे चौकोन. साऱ्या मुलांनी ‘उत्तम’वर खूण केली, कारण तक्ते मूल्यांकन समितीच्या फायलीत जाणार हे त्यांना पक्के ठाऊक असते. थोबाडीच्या प्रसंगावर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या तक्त्यावरही ‘उत्तम’ हीच खूण होती; मी पाहिली. बाहेर चहाच्या टपरीवर तीच मुले अर्धा तास हुज्जत घालत उभी होती. त्यातील एक वाक्यही महाविद्यालयाच्या दप्तरी नोंदले गेले नाही. विद्यार्थ्यांना विनोद कळत नाही असा निष्कर्ष ज्या कोणाला काढायचा असेल त्याला असे तक्ते उपयोगी पडतील.

माझी सूचना साधी आहे. विडंबनपट दाखवायचा असेल तर त्याच्या जोडीने मूळ चित्रपटही दाखवावा, आणि तोही आधी. खूणचिठ्ठ्यांऐवजी प्रत्येकाला कोरा कागद द्यावा आणि कोणत्या प्रसंगाला हसू आले नाही आणि का, एवढा एकच प्रश्न विचारावा. मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, नाव घालू नका, असे सांगावे. मुले लिहीत नाहीत ही तक्रार मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. लिहिण्यासारखे काही विचारले तर ती लिहितात. वेळ मिळत नाही ही सबब येथे चालण्यासारखी नाही, कारण ‘झिरो अवर!’ आणि ‘एअरप्लेन!’ हे दोन्ही दीड तासाच्या आतले चित्रपट आहेत. सकाळी साडेदहाला सुरुवात केली, मध्ये चहाला सुट्टी दिली आणि नंतर तासभर चर्चा ठेवली, तरी साक्री आणि शिंदखेड्याच्या मुलांना दुपारची एसटी सहज मिळते.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
देवपूर, धुळे